‘हे तर पूर्वीपासून चालत आले आहे’ : जॉर्ज फर्नांडिस यांच्या वाटचालीचा धडा

जॉर्ज फर्नांडिस हे नाव आपल्या समाजात दोन पिढ्या दोन वेगवेगळ्या सुरांत घेतात. मुंबईत टॅक्सी चालवलेले, गोदीत पोती वाहिलेले, रेल्वेच्या वर्कशॉपात हयात घालवलेले आपले बुजुर्ग नुसते ‘जॉर्ज’ म्हणतात. पुढे ‘साहेब’ वगैरे काही लावत नाहीत, आणि त्या नुसत्या नावात आपुलकी असते. आमची पिढी मात्र २००२ साली शाळेच्या बाकावर होती. आम्हांला हे नाव खऱ्या अर्थाने कळले ते गुजरातच्या दंगलीवर लोकसभेत झालेल्या त्यांच्या एका भाषणामुळे. तेव्हापासून ते नाव घेताना आमच्या तोंडाला कडवटपणा येतो. बुजुर्ग म्हणतात, तुम्ही जॉर्ज पाहिलाच नाही. आम्ही म्हणतो, तुम्ही पाहिलेला जॉर्ज मग गेला कुठे?

वास्तविक दोन्ही पिढ्या आपापल्या जागी खऱ्या आहेत. २९ जानेवारी २०१९ रोजी जॉर्ज यांचे दिल्लीत निधन झाले आणि २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. कोणी त्यांना ‘बंदसम्राट’ म्हणून आठवले, कोणी संरक्षणमंत्री म्हणून. पण या दोन टोकांना जोडणारा दुवा कोणता, हा प्रश्न तसाच राहिला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. इतिहास म्हणजे सनावळी नव्हे, कारणमीमांसा, हे बी.एड.च्या वर्गात आम्हांला शिकवले गेले. तेव्हा या माणसाच्या वाटचालीची कारणमीमांसा करून पाहावी, आणि त्यातून आपल्याला काही शिकण्यासारखे आहे का तेही तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पंगतीतला भेद

जॉर्ज यांचा जन्म ३ जून १९३० चा, मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबातला. सहा भावांत ते थोरले. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांचा वाढदिवसही ३ जूनचाच, म्हणून आईने मुलाचे नाव जॉर्ज ठेवले. थोरल्या मुलाने धर्मगुरू व्हावे या इच्छेने घरच्यांनी त्यांना १९४६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, बंगळूरच्या सेमिनरीत पाठवले. आपल्याकडे एखाद्या हुशार मुलाला मदरशात आलिम होण्यासाठी पाठवतात, तसाच हा प्रकार. तेथे ते दोन-अडीच वर्षे राहिले आणि बाहेर पडले. कारण त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. सेमिनरीतले वरिष्ठ उंच टेबलांवर बसून चांगले जेवत आणि विद्यार्थ्यांना खालच्या टेबलांवर साधे अन्न मिळे. सर्व माणसे समान असल्याची शिकवण आणि पंगतीतला हा भेद यांचा मेळ त्यांना बसेना.

ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. पंगतीतला भेद काही जॉर्ज यांच्या वेळी सुरू झालेला नव्हता. आधीच्या कित्येक तुकड्यांनी तो पाहिला असेल आणि ‘हे तर पूर्वीपासून चालत आले आहे’ असे म्हणून मुकाट जेवल्या असतील. या मुलाने ते उत्तर मान्य केले नाही. कामगार नेत्याचा जन्म कारखान्याच्या फाटकावर होतो असे म्हणतात. जॉर्ज यांच्या बाबतीत तो जेवणघरात झाला.

मंगळूरला परतल्यावर वाहतूक आणि हॉटेल कामगारांत थोडे काम करून ते मुंबईस आले. राहायला जागा नव्हती. चौपाटीच्या बाकावर झोपावे आणि मध्यरात्री पोलिसाने उठवावे, असे दिवस त्यांनी काढले. मग एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधकाची नोकरी मिळाली. याच काळात गोदी कामगारांचे नेते प्लासिड डिमेलो यांचा हात त्यांच्या पाठीवर आला. मुंबईच्या गोदीला लागून जाणारा पी. डिमेलो मार्ग याच माणसाच्या नावाचा आहे. दुसरे गुरू डॉ. राममनोहर लोहिया. डिमेलोंकडून त्यांनी संघटना शिकली आणि लोहियांकडून राजकारण. १९५८ मध्ये डिमेलो वारले आणि संघटनेचा भार अठ्ठावीस वर्षांच्या जॉर्ज यांच्यावर आला.

संघटना कशी चालते

आजच्या तरुण वाचकांनी युनियन पाहिलेली नसते. म्हणून ती कशी चालते हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कामगार दरमहा वर्गणी भरतो आणि पावती घेतो. फाटकावर द्वारसभा होते. तेथे नेता उभा राहून बोलतो आणि समोरचा कामगार त्याला भर सभेत अडवू शकतो. मग मागण्यांची सनद तयार होते, व्यवस्थापनाला नोटीस जाते, वाटाघाटी होतात. जमले तर करार, नाही जमले तर संप. करार कच्चा निघाला तर दुसऱ्या दिवशी त्याच फाटकावर त्याच कामगारांना तोंड द्यावे लागते. थोडक्यात, युनियनचा नेता रोजच्या रोज हिशेब देणारा माणूस असतो. आमदार-खासदाराला पाच वर्षांनी हिशेब द्यावा लागतो, तोही जमला तर.

जॉर्ज यांनी या पद्धतीने मुंबईतले असे लोक बांधले, ज्यांना बांधता येईल असे कोणाला फारसे वाटत नव्हते. गोदी कामगार, महापालिकेचे सफाई कामगार, बेस्टचे कर्मचारी, टॅक्सीचालक, खानावळीतली पोरे. गिरण्यांत निदान हजारो माणसे एका छपराखाली असत. टॅक्सीवाला मात्र एकटा असतो. या विखुरलेल्यांना एकत्र आणून त्यांनी शहर बंद करून दाखवले, आणि ‘बंदसम्राट’ हे नाव त्यांना त्यातूनच मिळाले. १९६१ ते १९६८ ते मुंबई महापालिकेत नगरसेवकही होते. १९६८ मध्ये त्यांनी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक काढली. टॅक्सीचालकासारख्या माणसाला सावकाराच्या दारात जावे लागू नये, हा त्यामागचा विचार. हीच बँक पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक झाली, २०२५ मध्ये गैरव्यवहारामुळे अडचणीत आली आणि त्याच वर्षी सारस्वत बँकेत विलीन झाली.

या सगळ्यांत मुसलमान होते. गोदीत होते, टॅक्सीत होते, खानावळींच्या भटारखान्यांत होते. कोकणातले होते, उत्तर प्रदेशातले होते, दक्षिणेतले होते. महत्त्वाची गोष्ट अशी की युनियनच्या पावतीवर ते मुसलमान म्हणून नव्हते, सभासद म्हणून होते. त्यांचे रक्षण करणारा कोणी ‘मुसलमानांचा नेता’ लागत नव्हता, कारण वर्गणी भरलेल्या सभासदाचे गाऱ्हाणे हे साऱ्या संघटनेचे गाऱ्हाणे होते. आपले बुजुर्ग जॉर्ज यांचे नाव ज्या आपुलकीने घेतात, तिचे मूळ येथे आहे. त्यांनी आपल्यावर उपकार केले म्हणून नव्हे, तर त्यांच्या संघटनेत आपण कोणाच्या उपकाराखाली नव्हतो म्हणून.

१९६७ च्या लोकसभा निवडणुकीत संयुक्त समाजवादी पक्षातर्फे ते दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्याविरुद्ध उभे राहिले. पाटील म्हणजे मुंबई काँग्रेसचे अनभिषिक्त राजे. त्यांचा पराभव कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. जॉर्ज निवडून आले आणि देशभर त्यांचे नाव झाले. पैसा पाटलांकडे होता. जॉर्ज यांच्याकडे वर्गणीच्या पावत्या होत्या, म्हणजे प्रत्येक गल्लीत ओळखीचा माणूस होता. १९७१ च्या इंदिरा लाटेत मात्र ते हरले. त्याच वर्षी त्यांचा विवाह लैला कबीर यांच्याशी झाला. लैला या प्रा. हुमायून कबीर यांच्या कन्या. नेहरूंच्या मंत्रिमंडळातील मंत्री आणि बंगालीतील साहित्यिक असलेले हे हुमायून कबीर म्हणजेच मौलाना आझादांचे ‘इंडिया विन्स फ्रीडम’ मौलानांच्या उर्दू कथनावरून इंग्रजीत उतरवणारे गृहस्थ.

वीस दिवसांचा संप

१९७३ च्या अखेरीस जॉर्ज ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. रेल्वे कामगारांच्या मुख्य मागण्या अशा : आठ तासांचा कामाचा दिवस, बोनस, आणि सार्वजनिक क्षेत्रातील इतर उद्योगांइतके वेतन. इंजिनावरच्या माणसाला सलग किती तास राबावे लागे याला धरबंध नव्हता. ही पद्धत इंग्रजांच्या अमदानीपासूनची होती. स्वातंत्र्य मिळून सत्तावीस वर्षे झाली तरी ती तशीच होती. तक्रार केली की उत्तर ठरलेले असे : हे तर पूर्वीपासून चालत आले आहे.

संप ८ मे १९७४ रोजी सुरू व्हायचा होता. वाटाघाटी चालू असतानाच २ मे रोजी जॉर्ज यांना लखनौला अटक झाली. तरीही संप झाला. सुमारे १७ लाख कामगार त्यात उतरले. मुंबईत वीज आणि वाहतूक कामगार व टॅक्सीचालक त्यांच्या पाठिंब्याला बाहेर पडले. बिहारमध्ये गया येथे कामगारांची कुटुंबे रुळांवर येऊन बसली. इंदिरा गांधींच्या सरकारने हजारोंना तुरुंगात टाकले, हजारोंना नोकरीवरून काढले, बायकापोरांना रेल्वेच्या खोल्यांतून बाहेर काढले. वीस दिवसांनी, २७ मे रोजी, संप मागे घ्यावा लागला.

संप हरला हे खरे. पण हरलेल्या संपाचेही फळ असते. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, राजापूरचे खासदार प्रा. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ कामगारांना परत कामावर घेतले गेले. रेल्वे कामगारांना बोनसही पुढे १९७९ मध्ये मिळू लागला. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बोनसची बातमी येते, तिच्यामागे १९७४ च्या मे महिन्यातले ते वीस दिवस आहेत.

बेड्यांतला उमेदवार

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली तेव्हा जॉर्ज ओडिशात गोपाळपूरला होते. तेथून ते भूमिगत झाले आणि वेष पालटून, कधी शीख बनून, देशभर फिरले. रेल्वेमार्ग आणि सरकारी ठिकाणे स्फोटकांनी उडवण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यासह पंचवीस जणांवर ठेवण्यात आला. हाच बडोदा डायनामाइट खटला. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी धाकटे भाऊ लॉरेन्स यांचा बंगळूरच्या पोलिसांनी अतोनात छळ केला. ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी याच प्रकरणात तुरुंगात पडल्या. दम्याने त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्या वारल्या. जॉर्ज १० जून १९७६ रोजी कलकत्त्यात पकडले गेले.

स्फोटकांचा मार्ग योग्य की अयोग्य, यावर समाजवाद्यांतही एकमत नव्हते आणि आमचेही मत त्या मार्गाच्या बाजूचे नाही. पण आणीबाणीत सक्तीची नसबंदी आणि तुर्कमान गेटची पाडापाडी यांत आपल्या समाजाने काय सोसले हे आठवले, म्हणजे त्या काळी बेड्या घातलेला हात उंचावलेल्या जॉर्ज यांचे छायाचित्र लोकांना आपले का वाटले ते समजते. १९७७ ची निवडणूक त्यांनी तुरुंगातून लढवली. बिहारमधील मुझफ्फरपूर मतदारसंघात प्रचारासाठी एकदाही न जाता ते तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा विजय डोळे दिपवणारा होता, पण १९६७ च्या विजयाहून तो वेगळा होता. दक्षिण मुंबईत त्यांना मत देणाऱ्यांत त्यांना ओळखणारे, त्यांच्या सभेत उलट प्रश्न विचारणारे लोक होते. मुझफ्फरपूरच्या मतदाराने मत दिले ते छायाचित्राला. आदर दोन्हीकडे होता. हिशेब मागण्याचा हक्क मात्र एकीकडेच होता.

मंत्रिपदाची दोन पर्वे

जनता सरकारात ते उद्योगमंत्री झाले. परकीय चलन कायद्याचा आग्रह धरून त्यांनी कोका-कोला आणि आयबीएम या कंपन्यांना देशाबाहेर जाण्याची पाळी आणली, हे सर्वांना माहीत असते. पण आज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी जे जिल्हा उद्योग केंद्र दिसते, ती कल्पनाही त्यांच्याच काळात, १९७८ मध्ये, अमलात आली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. लहान कारागिराला एकाच छपराखाली कर्ज, कच्चा माल आणि सल्ला मिळावा हा तिचा हेतू.

जुलै १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. जॉर्ज यांनी लोकसभेत सरकारचे जोरदार समर्थन केले, आणि दोन-तीन दिवसांतच राजीनामा देऊन विरुद्ध बाजूला गेले. जनता पक्षातील जनसंघीयांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही नाते ठेवावे की नाही, हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद त्या फुटीच्या मुळाशी होता. मधू लिमये आणि इतर समाजवादी त्या मुद्द्यावर अडून होते. वाचकांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

१९८० नंतरचा दशकभराचा काळ त्यांना कठीण गेला. १९८४ मध्ये बंगळूर उत्तरमधून सी. के. जाफर शरीफ यांनी त्यांचा पराभव केला. इकडे मुंबईतही कामगार चळवळीचे दिवस फिरले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधीच नीट संपला नाही. जॉर्ज त्या संपाचे नेते नव्हते, पण ज्या मुंबईने त्यांना घडवले ती मुंबई त्या संपाबरोबर विझत गेली.

१९८९ मध्ये ते पुन्हा मुझफ्फरपूरमधून निवडून आले आणि विश्वनाथ प्रताप सिंग सरकारात रेल्वेमंत्री झाले. दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते. अ. ब. वालावलकरांपासून नाथ पैंपर्यंत अनेकांनी ज्या कोकण रेल्वेसाठी आयुष्य वेचले, ती या दोघांनी मार्गी लावली. केंद्र, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांचे स्वतंत्र महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्यावर जबाबदारी आली, जनतेकडून रोख्यांद्वारे पैसा उभा राहिला. २६ जानेवारी १९९८ पासून रोह्याहून थेट मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत गाडी धावू लागली. वीर, खेड, चिपळूण, रत्नागिरी या स्थानकांवर उतरून मोहल्ल्यांत जाणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना या रेल्वेचे मोल सांगायला नको.

२००२

१९९४ मध्ये जॉर्ज आणि नितीशकुमार जनता दलातून बाहेर पडले आणि समता पक्ष निघाला. १९९६ मध्ये या पक्षाने भारतीय जनता पक्षाशी युती केली. दुहेरी सदस्यत्वाच्या वादातून सरकार पडले त्याला सतरा वर्षे झाली होती. जॉर्ज यांचे समर्थन असे की आपण लोहियांच्या गैरकाँग्रेसवादालाच धरून आहोत. पण लोहियांनी गैरकाँग्रेसवाद मांडला तो साठच्या दशकात, काँग्रेस सर्वत्र सत्तेवर असताना. १९९६ च्या निवडणुकीने तर काँग्रेसच सत्तेबाहेर गेली. औषध तेच राहिले होते, रोग बदलला होता.

१९९८ मध्ये ते संरक्षणमंत्री आणि राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे निमंत्रक झाले. पोखरणची चाचणी आणि कारगिलचे युद्ध त्यांच्याच काळातले. त्या पदावरही जुना जॉर्ज अधूनमधून दिसे. चुरगळलेला कुर्ता तोच होता, कपडे ते स्वतः धूत, बंगल्याला फाटक नव्हते. सियाचिनच्या जवानांचे साहित्य अडवून ठेवणाऱ्या बाबूंना त्यांनी सियाचिनलाच धाडले. २००१ मध्ये तहलका प्रकरणी त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि काही महिन्यांत ते पुन्हा त्याच खुर्चीवर आले. कारगिलच्या शवपेट्यांच्या खरेदीवरूनही आरोप झाले, पण त्यांच्याविरुद्ध काही सिद्ध झाले नाही. हे सारे वादविवाद राजकारणात होतच असतात. आमच्या दृष्टीने खरा प्रश्न पुढचा आहे.

फेब्रुवारी-मार्च २००२ मध्ये गुजरात पेटले. न्यायाने सांगायचे तर जॉर्ज त्या वेळी दिल्लीत बसून राहिले नाहीत. ते अहमदाबादला गेले. तेथे सैन्याची तुकडी घेऊन आलेले लेफ्टनंट जनरल जमीरुद्दीन शाह यांनी ‘द सरकारी मुसलमान’ या २०१८ मधील आत्मकथनात लिहिले आहे की मध्यरात्री मुख्यमंत्र्यांकडे वाहनांची मागणी केली तेव्हा जॉर्ज तेथे हजर होते, आणि तरीही वाहने मिळायला एक दिवस गेला. विशेष तपास पथकाने मात्र अशी दिरंगाई झाली नसल्याचे म्हटले. ते काही असो, जॉर्ज यांनी धोका पत्करून तेथे धाव घेतली हे नाकारण्याचे कारण नाही.

पण ३० एप्रिल २००२ रोजी लोकसभेत चर्चा झाली. त्याच्या आदल्याच दिवशी रामविलास पासवान यांनी गुजरातच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडले होते. जॉर्ज बोलायला उभे राहिले आणि काँग्रेसच्या राजवटीतील दंगलींकडे बोट दाखवत अशा आशयाचे बोलले की गर्भवतीचे पोट फाडले जाणे, आईच्या डोळ्यांदेखत मुलीवर बलात्कार होणे, या गोष्टी देशात काही पहिल्यांदा घडत नाहीत, चोपन्न वर्षे हे होत आले आहे.

म्हणजे काय, तर हे पूर्वीपासून चालत आले आहे.

सेमिनरीतल्या पंगतीत सोळा-सतरा वर्षांच्या ज्या मुलाला हे उत्तर गिळता आले नाही, रेल्वेच्या इंजिनावरच्या कामगारांसाठी ज्याने हे उत्तर १७ लाख माणसांना घेऊन फेटाळले, त्याच माणसाने वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तेच उत्तर मालकाच्या बाजूने उभे राहून दिले. आमच्या मते जॉर्ज यांच्या आयुष्याची शोकांतिका येथे आहे. ते भ्रष्ट झाले म्हणून नव्हे, जमातवादी झाले म्हणूनही नव्हे. तो आरोप त्यांच्या कडव्या विरोधकांनाही सिद्ध करता येणार नाही.

मग असे का झाले? आमचे उत्तर साधे आहे. १९६० च्या सुमारास त्यांनी असे विधान केले असते, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गोदीच्या फाटकावर एखादा रहीम किंवा एखादा राघू उभा राहिला असता आणि म्हणाला असता, जॉर्ज, खाली उतर, आधी याचा जबाब दे. २००२ मध्ये तसा सकाळचा फाटक त्यांच्या आयुष्यात उरला नव्हता. हिशेब विचारणारे होते ते आघाडीतले पक्ष, आणि त्यांना हवा होता तो सरकार टिकल्याचा हिशेब. नेता बदलतो तो एका दिवसात नव्हे. ज्यांना जबाब द्यायचा ती माणसे आधी बदलतात, मग भाषा बदलते.

शेवट सर्वांना माहीत आहे. २००९ मध्ये स्वतःच्याच पक्षाने त्यांना उमेदवारी नाकारली. ते मुझफ्फरपूरमधून अपक्ष उभे राहिले आणि अनामत रक्कमही वाचली नाही. पुढे स्मृतिभ्रंशाच्या आजाराने त्यांना गाठले. ज्याच्या एका हाकेने मुंबई थांबे, त्याला अखेरची वर्षे आपली माणसे ओळखता येत नव्हती.

आपला हिशेब

आता हा धडा आपल्यासाठी कोणता? आम्ही यंत्रमागाच्या शहरात शिकवतो. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले काम मोठ्या प्रमाणावर भिवंडीसारख्या ठिकाणी यंत्रमागावर आले, हा इतिहास आहे. गिरणीत आठ तासांची पाळी होती, हजेरीपट होता, भविष्यनिर्वाह निधी होता. मागावर बारा तासांची पाळी आहे, मजुरी मीटरवर आहे, आणि पुष्कळांचे नाव कोणत्याच रजिस्टरात नाही. आमच्या वर्गातील निम्म्या मुलांचे वडील अशा पाळीतून सकाळी घरी येतात तेव्हा मूल शाळेत निघालेले असते. वर्गात १९७४ च्या संपाचा धडा घेताना आठ तासांची मागणी सांगितली, की मुले एकमेकांकडे पाहतात. बारा तास का, असे कोणी घरी विचारले तर जे उत्तर मिळते ते वाचकांनी आतापर्यंत ओळखलेच असेल.

आपल्या समाजात नेत्यांची वाण नाही. प्रत्येक निवडणुकीत ते उगवतात, जलसे घेतात, कौमवर आलेल्या संकटाचे वर्णन करून आपल्याला रडवतात. आपण त्यांना एकच प्रश्न विचारतो : तुम्ही आमचे की त्यांचे? तो प्रश्नच अपुरा आहे. जॉर्ज तर जन्माने आपले नव्हते, तरी वीस वर्षे आपल्या माणसांचे होते. आपले म्हणवणारे कितीतरी जण एक दिवसही आपले झालेले नाहीत. विचारायला हवे ते असे : तुम्ही उद्या सकाळी कोणाला जबाब देणार? आणि त्याहूनही आधी स्वतःला विचारायला हवे, जबाब मागायला आपण कोठे जमणार आहोत? वर्गणीची पावती आपल्यापैकी कोणाच्या खिशात आहे?

मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर होते. उर्दू शाळांचे, मराठी शाळांचे, दवाखान्यांतले, तहसील कचेरीतले लोक एका मंडपात बसले होते आणि कोणाला कोणाचा धर्म विचारण्याची गरज पडली नाही. हे काही मोठे इन्किलाब नव्हे. पण रजिस्टरात नाव असले की माणसाची पत कशी वाढते, हे आम्ही शिक्षकांनी त्या आठवड्यात पाहिले. मग मागावरच्या मजुराचे, रिक्षावाल्याचे, मोबाइलवर गिऱ्हाईक घेणाऱ्या टॅक्सीवाल्याचे, घरी बसून जरीकाम करणाऱ्या आपल्या बहिणींचे नाव कोणत्या रजिस्टरात आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्या चांगल्या की वाईट यावर वाद होतील. आपल्या मोहल्ल्यांत मात्र त्या आल्याची खबरही पुष्कळांना नाही.

जॉर्ज फर्नांडिस यांना डोक्यावर घेण्याची गरज नाही आणि पायदळी तुडवण्याचीही नाही. १९७४ चा मान त्यांना द्यावा आणि २००२ चा जाब इतिहासात नोंदवून ठेवावा. दोन्ही नोंदी एकाच पानावर असू द्याव्यात, म्हणजे पुढची पिढी वाचताना विचारील की मधल्या काळात काय हरवले. आमच्या मते हरवले ते फाटक आणि त्या फाटकावरची सभा. ती पुन्हा भरवणे कोणा नेत्याच्या हाती नाही. ते वर्गणी भरणाऱ्यांचे काम आहे.